सर्वधर्मीय येळवस रानात कशी भरवावी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मार्गशीर्ष लागला की लातूर-धाराशिवकडच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "यंदा येळवसला सगळ्या समाजांना बोलवायचं ठरवलंय, कसं करू?" मी सांगते. आणि येळवस झाली की फोटो येतात. रानात मांडव, मागं फ्लेक्स, खुर्च्यांवर चार धर्मांचे चार प्रतिनिधी शाल-नारळ घेऊन बसलेले, आणि ज्यांनी ते रान वर्षभर निंदलं-खुरपलं ती माणसं पार मागं उभी. पुढच्या वर्षी त्यातलं निम्मं माणूस येत नाही, आणि का आलं नाही हे कुणी विचारतही नाही.

ही पद्धत आमच्या दहा-बारा घरांनी चुकत चुकत बसवली आहे. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, रब्बीच्या उभ्या पिकात साजरी होते. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, आंबील (ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं पेय) आणि भज्जी (ओले दाणे आणि पालेभाज्यांची ताक-डाळीच्या पिठातली भाजी) यांचा नैवेद्य आणि मग पंगत. ज्याला शेत नाही त्याला आवर्जून रानात जेवायला न्यायचं, ही रीत आपल्याकडं आधीपासूनच आहे. त्यामुळं नवा विधी शोधायची गरज नाही. जो आहे त्याचा क्रम नीट लावायचा आहे, एवढंच.

१. तारीख: महिनाभर आधी कॅलेंडर घेऊन बसा

मार्गशीर्ष अमावस्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत कधीही पडते. 2024 साली ती 30 डिसेंबरला, सोमवारी होती. 2025 साली 19 डिसेंबरला, शुक्रवारी. 2026 हे अधिक ज्येष्ठाचं वर्ष, म्हणून त्या वर्षीची येळवस थेट 2027 च्या जानेवारीत जाते. तारीख बदलता येत नाही, पण दिवसाच्या वेळा बदलता येतात. त्या अशा बघा.

शुक्रवार असेल तर मुस्लिम शेजारी दुपारी जुम्याच्या नमाजला गावात जाणार. पंगत एक तर त्याआधी किंवा त्यानंतर. "या की थोडा उशिरा, तुमचं काढून ठेवतो" हे उत्तर नव्हे. रविवार असेल तर ख्रिश्चन घरं सकाळची प्रार्थना उरकून येतील. 1 जानेवारीच्या आसपास आली तर बरीच बौद्ध कुटुंबं भीमा कोरेगावला जातात, परतायला त्यांना एखादा दिवस लागतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो. 2030 साली तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा दोनदा लागेल. येळवस रोज्यात आली तर जेवण संध्याकाळच्या इफ्तारला जोडावं लागेल, आणि त्याचं ठरवणं त्या घरांनीच करावं.

२. रान निवडताना

सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचं रान घेऊ नका. तिथं गडीमाणूस पाहुणा म्हणून बसूच शकत नाही, हात आपोआप कामाला लागतात. मध्यम रान, बांधापर्यंत गाडी जाणारं, जवळ पाणी असलेलं निवडा. माणसं साठ-सत्तरच्या वर नकोत. त्यापुढं जेवणावळ होते आणि कोण कुणाशी बोललं हे कळत नाही.

आठ दिवस आधी रान पायी फिरून या. मोठ्या झाडाला आग्या मोहोळ आहे का ते मान वर करून बघा. असेल तर त्या झाडाखाली चूल नाही, धूर नाही आणि पंगतही नाही. विहिरीला कठडा नसेल तर लहान पोरांसाठी तिथं एक माणूस दिवसभर बसवा आणि त्याचं नाव आधीच ठरवा. गाड्या कुठं लावायच्या तेही ठरवा. एका वर्षी आमच्याकडच्या पाहुण्यांच्या मोटारसायकली शेजाऱ्याच्या हरभऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्या घराशी आमचं बोलणं संक्रांतीपर्यंत बंद होतं.

*तपासा:* बायकांना आडोसा आहे का? म्हाताऱ्यांना टेकायला जागा आहे का? ज्याच्या रानातून वाट जाते त्याला विचारलं का?

३. आमंत्रण: घरी जा, ओट्यावर बसा, विचारा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रंगीत पत्रिका टाकून "सर्वांना आग्रहाचं निमंत्रण" दिलं की आपलं काम झालं असं वाटतं. ज्याला आजवर कधी बोलावलं नाही त्याला त्या पत्रिकेत आपण बसतो की नाही तेच कळत नाही. प्रत्येक घरी जा, आणि घरातली बाई आणि पुरुष दोघंही भेटतील अशा वेळी जा. येळवस काय असते, तिच्यात कोणता भाग पूजेचा आणि कोणता नुसता जेवणाचा, हे सरळ सांगा. मग एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडं काय चालतं आणि काय चालत नाही?" आणि गप्प बसा.

उत्तरं प्रत्येक घराची वेगळी येतील. आम्हाला आलेली काही सांगते.

बौद्ध घरांत 1956 च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञा पाळतात. पांडवांच्या दगडापुढं हात जोडणं त्यांना चालत नाही, आणि त्यांनी ते का करावं? मुस्लिम घरांत मूर्तीपुढचा नैवेद्य खात नाहीत. काही ख्रिश्चन कुटुंबांचंही तसंच आहे. महानुभाव पंथाची माणसं इतर देवतांची पूजा करत नाहीत, हे तर शेजारी राहूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. कडक पाळणारे जैन कंदमुळं खात नाहीत, रात्रभर आंबवलेलं खात नाहीत, ताक आणि डाळ एकत्र केलेलं खात नाहीत आणि सूर्यास्ताआधी जेवतात. म्हणजे आंबील आणि भज्जी ही येळवसची दोन मुख्य पक्वान्नंच त्यांच्या पानातून बाद झाली. याउलट आमच्या शेजारच्या एका चाचांनी सांगितलं, "पूजेच्या वेळी मी बांधावर बसतो, पण कोपीचा कडबा माझ्याच हातचा लागणार." त्यांचे वडीलही येळवसला आमच्याकडं कडबा रचायचे.

हे सगळं वहीत लिहून ठेवा. चार लोकांत विचारू नका. माणूस चारचौघांत "चालतं हो" म्हणतो आणि मग येत नाही.

*सावध:* कुणालाही त्याच्या धर्माचा प्रतिनिधी म्हणून बोलावू नका. शेजारी म्हणून, वर्गातल्या पोराची आई म्हणून, बांधाला बांध लागलेला म्हणून बोलवा. भूमिहीन घरांना सगळ्यांत आधी आमंत्रण द्या आणि त्यांच्याकडं दोनदा जा.

४. स्वयंपाक: नैवेद्य वेगळा, जेवण वेगळं

पहिल्या वर्षी आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे नियम का आहे ते कळेल. रानाच्या तोंडाशी दोन पोरी कुंकवाची वाटी घेऊन उभ्या केल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला टिळा, बायकांना हळदीकुंकू. आमच्याच रानात खुरपणीला येणारी एक बौद्ध ताई लेकीला घेऊन आली. पोरीच्या कपाळाकडं बोट गेलं तशी ती लेकीला मागं ओढून घेत एक पाऊल सरली. कुणी काही बोललं नाही. वाढतानाही मी "घ्या प्रसाद" म्हणत वाढत गेले. त्या दोघींनी भाकरीचा एक तुकडा मोडला, आणि मी दुसऱ्या पंगतीचं बघेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या. पुढं दोन वर्षं त्या येळवसला आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा ताई एवढंच म्हणाली, "आक्का, जेवायला बोलावलं होतं ना?"

तेव्हापासून ठरलं. टिळा नाही, हळदीकुंकू नाही. विधवा बायकांचाही प्रश्न त्यातच सुटला. "प्रसाद" हा शब्द पंगतीत नाही. नैवेद्याचं पान स्वयंपाक होताच एका लहान परडीत वेगळं काढायचं. पूजा त्याच परडीची होते आणि त्यातलं परत मोठ्या भांड्यात पडत नाही. ज्यांना प्रसाद हवा ते कोपीपाशी जाऊन घेतात. हे आमंत्रणाच्या वेळीच सांगा, म्हणजे ज्याला तरीही शंका असेल तो घरून डबा आणेल. त्याच्या डब्याकडं कुणी वळून बघायचं नाही.

आंबिलीला थंडीत वेळ लागतो, म्हणून दोन दिवस आधी सुरुवात करा. पन्नास माणसांना माझा अंदाज दोन किलो ज्वारीचं पीठ आणि दहा लिटर ताक. थोड्या ताकात पीठ कालवून मातीच्या मडक्यात उबदार जागी झाकून ठेवायचं. आंबलं की पाणी घालून, ढवळत शिजवून गार करायचं आणि उरलेलं ताक, ठेचलेली लसूण-मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर घालायची. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबील ठेवू नका, आंबट भांड्याला लागतं. मडकं नवं असेल तर आधी दोन दिवस पाण्यात मुरवा, नाही तर मातीचा वास येतो.

भज्जीला तुरीचे ओले दाणे, सोलाणे, वाल, मेथी, चुका, लसणाची पात, गाजर, बोरं, जे रानात असेल ते. वरून ताकात कालवलेलं डाळीचं पीठ लावायचं. जैन घर येणार असेल तर शेंगा-पाल्याची एक कढई गाजर-लसूण-ताकाविना आधीच वेगळी काढा, तिला वेगळी पळी ठेवा. सगळी भज्जी होऊन गेल्यावर "तुमच्यासाठी काय करू?" विचारलं की ती माणसं नुसती भाकरी खातात.

येणाऱ्या घरांनी काहीतरी करून आणावं. नुसतं खाऊन जायचं कुणालाच आवडत नाही. कुणी मलिदा आणतं, कुणी गव्हाची खीर, कुणी तिळाच्या भाकरी, सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, उंडे. येळवस शाकाहारी असते हे आधीच सांगा. केकमध्ये अंडं असेल तर डब्यावर चिठ्ठी लावा.

आणि पुरुषांनो, येळवसचा स्वयंपाक बायका रात्री दोन-अडीचला उठून करतात. माणसं वाढवलीत तर ते काम दुप्पट होतं. भाज्या निवडणं, दाणे सोलणं, खीर हलवणं आणि भांडी घासणं, या चार कामांवर पुरुषांची नावं लिहा. ती लिहिली नाहीत तर हा कार्यक्रम करू नका.

५. आदला दिवस: कोप सगळ्यांनी मिळून

लोक एकत्र येतात ते या कामात. एका धर्माच्या माणसाला दुसऱ्याच्या पूजेत उभं करणं अवघड, पण कडब्याच्या पेंढ्या बांधायला कुणाचंच काही अडत नाही. दुपारी तीनपर्यंत जमा.

पेंढ्या रचायच्या आधी प्रत्येक पेंढी काठीनं झटका. जुन्या गंजीत साप-विंचू असतात. पाच पेंढ्यांचे बुंधे गोलात रोवायचे, शेंडे वर एकत्र आणून सुंभानं बांधायचे, मग भोवती बाकीच्या पेंढ्या लावत जायच्या. तोंड पूर्वेला. सुंभ दोनदा गुंडाळा, सकाळचं वारं वरचं टोक सोडवतं. आत दगड मांडणं हे पूजा करणाऱ्या घराचं काम. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी करावं.

कोपीच्या पश्चिमेला थोडं लांब एक स्वच्छ जागा झाडून सतरंजी आणि हातपाय धुवायला पाण्याची बादली ठेवा. आपल्याकडून किब्ल्याची दिशा पश्चिमेला, किंचित वायव्येकडं कललेली येते. जागा कोपीच्या पश्चिमेला असली की नमाज पढणाऱ्यांच्या पाठीशी कोप राहते. पूर्वेला ठेवली तर पूजेचे दगड त्यांच्या समोर येतात. एवढी साधी गोष्ट आम्हाला तिसऱ्या वर्षी एका भाभींनी सांगितली.

*तपासा:* पिण्याच्या पाण्याचा रांजण एकच आहे ना? त्याला लांब दांड्याचं ओगराळं आहे ना? दोन रांजण ठेवले की कोणता कुणाचा हा प्रश्न मराठवाड्यात न विचारताच उभा राहतो.

६. सकाळ: पूजा ज्यांची त्यांनी करावी

क्रम असा ठेवा. नऊला पूजा करणारी घरं रानात पोचतात. दगड मांडणं, कोपीवर शाल, पूजा, परडीचा नैवेद्य. मग चर शिंपणं: आंबील-भज्जी घेऊन पिकाभोवती फिरत "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणायचं. गावागावांत शब्द थोडे बदलतात, तुमच्या आजीचे जे असतील ते म्हणा. बाकीच्यांना साडेदहाची वेळ द्या. ज्यांना पूजा बघायची असेल ते आधी येतील, पण कुणाला नाइलाजानं तिथं उभं राहावं लागू नये. चर शिंपताना बाकीची पोरं मागं पळतातच, त्यांना अडवू नका आणि त्यांच्याकडून काही म्हणवूनही घेऊ नका.

*सावध:* सगळ्या धर्मांच्या प्रार्थना एकामागून एक माईकवर म्हणायच्या, ही कल्पना दर वर्षी कुणीतरी काढतं. करू नका. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत घड्याळ बघतो, आणि ज्याच्या धर्माचं कुणी आलं नाही तो खट्टू होतो. माईकच आणू नका.

७. सगळ्यांचा विधी: माती आणि बी

साडेअकराच्या सुमारास सगळे जण नांगरलेल्या मोकळ्या तुकड्यावर गोल उभे राहतात, चपला काढून. ढेकळं टोचतात, म्हणून म्हाताऱ्यांना पोतं अंथरा. दोन मिनिटं कुणी बोलत नाही. ज्याला मनात जे म्हणायचं ते म्हणावं. माणूस मातीचा घडला हे कुराणात आहे आणि बायबलातही आहे. बुद्धानं भूमीला हात लावून तिची साक्ष काढली. बौद्ध घरांतलं कुणी वाचणार असेल तर सुत्तनिपातातलं कसिभारद्वाज सुत्त नेमकं नांगरणी-पेरणीबद्दलचं आहे. पण वाचन सक्तीचं करू नका.

मग बी. प्रत्येक घर आपल्याकडचं जवारी, म्हणजे गावरान, बी पुडीत बांधून आणतं: मालदांडी ज्वारी, वाल, दुधी, दोडका, गावरान मिरची. पुडीवर वाणाचं नाव आणि कोणत्या वर्षीचं ते लिहिलेलं हवं, निनावी बी कुणी पेरत नाही. सगळ्या पुड्या एका सुपात. ज्यांना शेत नाही ती घरं सुपातून पहिल्यांदा घेतात, आणि दाराशी, कुडावर लावता येतील अशा वेलांचं बी त्यांच्यासाठी भरपूर हवं. गेल्या पावसाळ्यात गावात फिरताना एका पत्र्याच्या घरावर आमचाच दुधी चढलेला दिसला. त्या घरची आजी हात धरून मागं घेऊन गेली, दोन दुधी काढून दिले आणि म्हणाली, "हा तुमच्या सुपातला."

बोलायचं असेल तर तीन-चार जणच. पहिलं बोलणं रानात मजुरी करणाऱ्या बाईचं, आणि विषय एकच: यंदा जमिनीनं काय दिलं, काय नेलं. पुढाऱ्यानं शेवटी बोलावं. त्यानं नुसतं वाढप केलं तर फारच चांगलं.

८. पंगत

खाली, एकाच ओळीत, जो आला तो बसला. खुर्च्यांची वेगळी रांग लावली की तिथं कोण बसणार ते आपोआप ठरतं. म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या लागतातच, त्या ओळीतच ठेवा. वाढपी सगळ्या घरांतले हवेत. ज्याच्या हातचं आपल्या गावात वर्षानुवर्षं खाल्लं गेलं नाही त्याच्या हातात वाढपाचं भांडं द्या, पण आधी त्याला विचारून. जबरदस्तीनं दिलेला, दाखवण्यापुरता मान त्याला नको असतो. पळसाच्या पत्रावळी-द्रोण वापरा. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि रानात ती वर्षभर उडत राहतात.

फोटो जेवताना काढू नका. कुणाचा टोपीतला, कुणाचा निळ्या गमछातला चेहरा शोधून फोटो काढला की त्या माणसाचा घास तिथंच थांबतो.

९. संध्याकाळ

जैन घरांना उजेड असेपर्यंत जेवू द्या आणि निरोप द्या. मगरीबच्या नमाजची सतरंजी आधी झाडून ठेवा. दिवेलागणीला दूध उतू घालतात. मडक्याच्या ज्या बाजूनं ते ओसंडतं त्यावरून पुढच्या पिकाचा अंदाज बांधतात. पोरं यात सगळ्यात रमतात. त्यांना मडक्यापासून चार हात लांब बसवा.

*सावध:* हेंडगा, म्हणजे कडब्याची पेटती जुडी, घेऊन फिरायची रीत असेल तर गंजी, वाळलेला ऊस आणि काढणीला आलेली तूर यांच्या जवळून नाही. वारं असेल तर अजिबात नाही. दोन घागरी पाणी आणि ओली गोणपाटं हाताशी हवीत.

१०. आठ दिवसांच्या आत

ज्या घरांतून भांडी आली ती रिकामी परत करू नका. मूठभर शेंगा, गुळाचा खडा, काहीही चालेल. स्वतः जा. न आलेल्या घरांकडंही जा आणि त्यांची तब्येत विचारा, हिशेब मागू नका. मग वही काढून त्याच आठवड्यात लिहा, नंतर विसरतं: किती माणसं आली, काय उरलं, काय कमी पडलं, कुणाला काय चाललं नाही, कोणत्या पुरुषानं खरंच भांडी घासली, रांजण किती वेळा भरला, कोणतं बी कुणी नेलं. आमच्या वहीतली यंदाची शेवटची नोंद अशी आहे: "आंबील दोन वाजता संपली. पुढच्या येळवसला मडकं तीन. सतरंजी चाचांकडून आणायची, आपली फाटली."